टू-स्ट्रोक मुराळी

महान कार्याच्या मुळाशी त्याग असतो, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. आमच्या घरमालकांनी उतारवयात जे महान कार्य हाती घेतलं, त्याच्याही मुळाशी त्याग होता. तो माझा होता. माझी स्कूटर लावायची जागा त्यात गेली.

मी धुळ्याला बदलून आलो तेव्हा देवपुरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. खाली मालक आणि मालकीणबाई. मालकांना सारी गल्ली नाना म्हणायची, मालकीणबाईंना मी काकू म्हणू लागलो. नाना शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झाले होते, म्हणजे पगार बंद झाला होता. भूमिती चालू होती. पहिल्याच दिवशी त्यांनी अंगणातल्या फरशीवर खडूनं एक आयत काढला आणि म्हणाले, "ही तुमच्या स्कूटरची जागा. चाक रेषेला स्पर्श करू शकतं. छेदू शकत नाही."

मी हसलो. ते हसले नाहीत. पुढे लक्षात आलं की नाना विनोद करणार असतात तेव्हा आधी तशी सूचना देतात.

भूमितीच्या पुस्तकात प्रमेय मांडण्याची एक रीत असते. आधी पक्ष, म्हणजे दिलेलं काय आहे. मग साध्य, म्हणजे काय सिद्ध करायचं आहे. मग रचना, मग सिद्धता. पोरं ही रीत परीक्षेपुरती पाळतात. नाना तिच्यातच राहत. भाजीवाल्यासमोर उभं राहून ते म्हणत, "पक्ष: ही मेथी कालची आहे. साध्य: ती मी घेऊ नये." भाजीवाला म्हणे, "नाना, घ्यायची तर घ्या, नाहीतर सावली सोडा." शिवी त्यांच्या तोंडून कधी आली नाही. फारच संताप आला तर "विषमभुज!" म्हणत. आग्रा रोडवर एका ट्रकवाल्यानं त्यांना सायकलसकट गटारात घालायचं तेवढं बाकी ठेवलं, तेव्हा ते त्याच्यामागे धावत "विशालकोन! विशालकोन!" असं ओरडले. ट्रकवाला लांबचा, बहुधा हरियाणाकडचा. त्यानं मान बाहेर काढून हात जोडले.

असा माणूस सगळ्या जगाला तपासून गुण देत असतो. नानांच्या जगात त्यांना स्वतःला गुण देणारी एकच व्यक्ती होती, त्यांची मोठी बहीण. अक्का एरंडोलला दिलेल्या.

खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ही सासुरवाशिणींची दिवाळी. लेकीबाळी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात आणि झोक्यावर बसून सासरच्या माणसांचा गाण्यांतून उद्धार करतात. पुरुष दिवसभर पत्ते कुटतात आणि हे ऐकू येत नसल्याचं दाखवतात. पण लेकीनं आपण होऊन यायचं नसतं. तिला आणायला माहेरचं माणूस जावं लागतं, शक्यतो भाऊ. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला नाही तर बाई उंबरा ओलांडत नाही. मग ती नवी नवरी असो की नातवंडांची आजी.

नाना तरुण असताना अक्कांना मोटरसायकलवरून आणत. अक्का एका बाजूला पाय सोडून मागे बसत, मांडीवर सांजोऱ्यांचा डबा. गाडी गल्लीत शिरली की लोक ओट्यांवर येत, कारण त्या काळी तसला आवाज करणारी दुसरी गाडी गल्लीत नव्हती आणि तसला आवाज करणारी दुसरी अक्काही नव्हती. पुढे गाडी बंद पडली. नाना मिळेल त्या वाहनानं जाऊन अक्कांना आणत राहिले.

मग एका वर्षी घोटाळा झाला. निवृत्त शिक्षकांच्या एका मंडळानं नानांना जीवनगौरव द्यायचं ठरवलं. मंडळातले सगळेच सभासद आळीपाळीनं जीवनगौरव घेत; त्या वर्षी नानांची पाळी होती. कार्यक्रम नेमका अक्कांना आणायच्या दिवशी. नानांनी विचार करून भाड्याची एसी गाडी ठरवली, ड्रायव्हरला पत्ता दिला, आणि स्वतः शाल पांघरून उन्हाळ्यातल्या दुपारी स्टेजवर बसले. संध्याकाळी गाडी रिकामी परत आली. ड्रायव्हरनं निरोप जसाच्या तसा सांगितला: "अक्का म्हणाल्या, गाडी पोहोचली, मुराळी पोहोचला नाही."

त्यानंतर अक्का आल्या नाहीत. मी धुळ्याला आलो त्या वर्षीची आखाजी मी पाहिली. अंगणातल्या कडुलिंबाला नानांनी झोका बांधला होता आणि त्यावर कोणी बसत नव्हतं. काकूंनी खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या, सोबत आंब्याचा रस. नाना पानावर बसले आणि दोन घासांत उठले. "गोड जास्त झालंय," म्हणाले. गोड नेहमीइतकंच होतं.

त्याच संध्याकाळी ते जिना चढून वर आले.

"पक्ष," ते दारातूनच म्हणाले. "गाडी पोहोचली, मुराळी पोहोचला नाही. याचा अर्थ, जी गाडी पोहोचली ती मुराळ्याची नव्हती. मुराळ्याची गाडी कोणती?"

"मला वाटतं, अक्कांना तुम्ही हवे होता," मी म्हणालो.

"तो उपसिद्धांत झाला," नाना म्हणाले. "मुख्य प्रमेय गाडीचं आहे."

खालून काकूंचा आवाज आला. "अहो, फोन लावा आणि सांगा येतो म्हणून!"

"फोनवर सिद्धता देता येत नाही."

"मग जा ना!"

"कशानं जाऊ?"

"पायानं!"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. या बाईला भूमिती शिकवण्याचा त्यांनी लग्नानंतर प्रयत्न केला होता, असं ती नजर सांगत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र्याच्या शेडमधून गाडी निघाली. तिच्यावर ताडपत्री होती, ताडपत्रीवर जुनी पाठ्यपुस्तकं, पाठ्यपुस्तकांवर मांजर. मांजर हलायला तयार नव्हतं. त्याच्या आईचाही जन्म तिथलाच. ताडपत्री काढल्यावर एक टू-स्ट्रोक मोटरसायकल दिसली. घेतली तेव्हा तिच्या टाकीवर इंग्रजीत 'स्पोर्ट' असं लिहिलेलं होतं म्हणे. आता तिथे गंज होता, त्यामुळे ती कुठल्याही प्रकारची असू शकत होती. टायर वाळलेल्या पापडांसारखे. सीटमध्ये उंदरांनी संसार थाटून मोडलेला.

नानांनी फरशीवरचा माझा आयत ओल्या फडक्यानं पुसला आणि त्या जागी गाडी उभी केली. मला गेटबाहेर एक त्रिकोण मिळाला.

खर्चाबाबत काकूंनी सुरुवातीलाच निकाल दिला: त्या सांगाड्यावर घरातला एक पैसा जायचा नाही. तेव्हा पैसा उभा राहिला तो नानांच्या स्वतःच्या चैनीतून. त्यांनी वर्तमानपत्र बंद केलं आणि माझं वाचू लागले. संध्याकाळचा चहा घरी घेणं सोडलं आणि साडेचारला माझ्याकडे येऊ लागले. या काटकसरीला त्यांनी तत्त्वज्ञानाचीही जोड दिली. "नवा पार्ट विकत घेणं म्हणजे मागच्या पानावरचं उत्तर पाहून गणित सोडवणं," ते म्हणत. गाडीचं जे काही होईल ते जुन्या मालातूनच, हा नियम ठरला.

या नियमाचे दुसरे भागीदार रफिकभाई. त्यांचं गॅरेज आग्रा रोडच्या मागच्या बोळात. रफिकभाई शाळेत नानांच्या हाताखाली भूमितीत नापास झालेले, आणि ही गोष्ट ते दर गिऱ्हाईकाला अभिमानानं सांगत. "सरांनी मला त्रिकोणात नापास केलं. मी सरांना पिस्टनमध्ये पास करणार." रफिकभाईंचं ज्ञान मोठं होतं की आवाज मोठा होता, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. इंजिन उघडून ते डोळे मिटत, नाकानं हुंगत आणि म्हणत, "इमानदार मशीन आहे सर. नुसती रुसलीये." मग तीनदा तेच इंजिन उघडलं गेलं आणि तीनदा रुसण्याचं कारण वेगळं निघालं.

मालाची पारखही त्यांची खास होती. एकदा जळगावच्या भंगारातून ते एका नव्या पद्धतीच्या गाडीचा पुढचा डिस्क ब्रेक घेऊन आले.

"कुठून आणला?" नानांनी विचारलं.

"कॉलेजच्या पोराची गाडी होती सर. भिंतीला लागली. पण ब्रेक पाहा, एकदम कोरा. पोरानं दाबलाच नाही."

कार्बोरेटर मात्र कुठे मिळेना. धुळ्यात नाही, जळगावात नाही. शेवटी कळलं की वरणगावला कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका आबांकडे हुबेहूब तशीच गाडी बंद पडून आहे. नानांनी फोन केला. आबा म्हणाले, या, आधी भरीत खा, मग बोलू. एका रविवारी आम्ही गेलो. अंगणात गाडी होती; तिच्या हँडलवर लुगडं वाळत होतं. आबांनी पान वाढलं, वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, वर हिरव्या कांद्याची पात. जेवताना नानांनी विषय काढला.

"आबा, तेवढा कार्बोरेटर द्या."

"द्यायला काही नाही," आबा म्हणाले, "पण तो चांगला आहे की नाही ते मला माहीत नाही. खराब माल पाहुण्याला देणं मला जमायचं नाही."

"मग गाडी चालू करून पाहू."

"आणि चालू झाली, तर चालती गाडी मी मोडायला देऊ?"

नानांनी हातातली भाकरी खाली ठेवली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "यात दोष काढता येत नाही." इतक्या आदरानं ते कोणाबद्दलच बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

जेवण झालं. मागच्या दारी हात धुवायला गेलो तर आबांच्या बायको तिथे उभ्या. हातात कागदात गुंडाळलेली एक वस्तू. "घ्या पटकन. तुमचा फोन आला तेव्हाच सोडवून ठेवला. त्यांना वर्षभर कळायचं नाही."

"पण आबांचं म्हणणं..." नाना म्हणू लागले.

"त्यांचं म्हणणं मी चाळीस वर्षं ऐकते. तुम्ही आज ऐकलं ना? मग निघा."

चोरीचा माल मांडीवर घेऊन नाना भुसावळ येईपर्यंत बहुधा त्या चोरीचं प्रमेयात रूपांतर करत असावेत.

त्या कार्बोरेटरवर गाडी चालू झाली. सकाळची वेळ. नाना इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, कारण तेलाचं काम ते शाळेच्या कपड्यांतच करत; अंगावर डाग पडला तर कामात चूक झाली असं मानत. किक मारून मारून रफिकभाई दमले, मग नाना, मग मी. मग पुन्हा नानांनी मारली आणि गाडी एकदम ओरडली. मागून निळा-पांढरा धूर असा निघाला की कडुलिंब दिसेनासा झाला. गल्लीत धडाधड खिडक्या लागल्या. लोकांना वाटलं, डासांची फवारणी आली. समोरच्या आजीबाई तोंडाला पदर लावून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आमच्या मोरीतपण मारा."

नानांच्या डोळ्यांत पाणी होतं. धूर फार होता, त्यामुळे नक्की सांगता येणार नाही.

गाडी मूळ रूपात होती, सीट नवीन शिवलेली, तेव्हाच नानांनी तिची पुनर्नोंदणी आणि विमा उरकून घेतला. त्यानंतर तिचं जे झालं ते सरकारनं पाहिलेलं नाही. खरं म्हणजे त्या दिवशी नाना एरंडोलला जाऊ शकत होते. काकू तसं म्हणाल्याही, "झाली ना चालू? आता जाऊन या, आखाजीला अजून वेळ आहे."

"चालू होणं हा पक्ष आहे," नाना म्हणाले. "थांबण्याचं काय? हायवेला ट्रक असतात. अक्का मागे असताना जुना ब्रेक?"

यात दोष काढता येत नव्हता. म्हणून कोरा डिस्क ब्रेक बसला. त्यासाठी पुढचे शॉकअप बदलावे लागले. पुढचे बदलले तर मागचे बदलायला हवेत, कारण अक्कांची कंबर. ही सगळी कामं निघाली असताना, गाडी दोन भागांत दोन ठिकाणी पडलेली असताना, आखाजी आली आणि गेली. झोका त्या वर्षी नानांनी बांधला नाही.

यानंतर नानांना त्या रोगानं धरलं जो मी पुढे मोठमोठ्या संस्थांतही पाहिला आहे. काम कशासाठी सुरू झालं ते प्रत्येकाच्या तोंडी असतं आणि कोणाच्याच डोळ्यांसमोर नसतं. नव्या शॉकअपमुळे गाडी जड झाली. जड गाडीला इंजिन कमी पडू लागलं. मागे अक्का बसणार, चढ आले तर? म्हणून इंजिनाची ताकद वाढवायची ठरली. ट्रॉल्या बनवणाऱ्या एका वेल्डरनं पोटफुगा सायलेन्सर वळून दिला, त्यामुळे गाडीचा आवाज डासांच्या फवारणीवरून डासांवर आला. तरी नानांचं समाधान होईना. तेव्हा रफिकभाईंनी डोळे मिटून सांगितलं, "सर, ताकद वाढवायला पैसा लागतो. वजन कमी करायला काही लागत नाही."

नानांना हे वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते शेडच्या पत्र्यावर खडूनं लिहिलं.

दुसऱ्या दिवसापासून काकूंचा स्वयंपाकघरातला काटा अंगणात गेला. सुटलेला प्रत्येक भाग नाना काट्यावर ठेवत. मधला लोखंडी स्टँड गेला, साखळीचं कव्हर गेलं. मागचा कॅरिअर गेला. एक जाळीदार लोखंडी भाग त्यांनी दोन बोटांत धरून मला दाखवला.

"हे काय?"

"साडी गार्ड," मी म्हणालो.

"वेगाशी याचा संबंध?"

"काहीच नाही."

"गेला," नाना म्हणाले, आणि तो भंगाराच्या ढिगावर पडला. मागच्या माणसानं पाय ठेवायच्या दांड्या त्याच्या पाठोपाठ. आम्ही काटा पाहिला आणि एकमेकांशी हात मिळवले. रफिकभाईंनी मिठी मारली.

काकूंच्या काट्यावर पुढे आठवडाभर बेसन मोजलं तरी टू-स्ट्रोक ऑइलचा वास येई. लोणच्याच्या बरणीत एका सकाळी त्यांना कार्बोरेटर भिजत पडलेला सापडला. त्या दिवशी काकूंनी शपथ घेतली की त्या गाडीकडे आपण डोळा उघडून पाहणार नाही. ती त्यांनी काटेकोर पाळली. तुळशीला पाणी घालायला जातानाही त्या मान भिंतीकडे ठेवून जात.

शेवटचं काम शेपटाचं. नव्यानं शिवलेली लांब सीट काढून तिथे रेसच्या गाडीला असतं तसं वर निमुळतं शेपूट हवं होतं. ते आमच्याकडे करणार कोण? उन्हाळी कूलरच्या फायबरच्या पेट्या बनवणाऱ्या एका कारागिराला रफिकभाईंनी गाठलं. त्यानं छान शेपूट केलं. फक्त सवयीनं दोन्ही बाजूंना हवा जायला जाळ्या ठेवल्या. नाना चारी बाजूंनी फिरून पाहत राहिले. चालवणाऱ्याची बैठक खोल, हँडल खाली, मागे सुळका. हुबेहूब बाण.

"हे अक्का पाहील तेव्हा," ते म्हणाले, आणि शेपटावरून फडकं फिरवू लागले.

पुढच्या आखाजीच्या आदल्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. मी मागे स्कूटरवर, जादा प्लग आणि पाने घेऊन. काकूंनी आदल्या रात्रीच एरंडोलला फोन करून ठेवला होता की भाऊ येतोय. दारात त्यांनी आरतीचं ताट आणलं, डोळे घट्ट मिटले आणि अंदाजानं ओवाळलं. कुंकू हेडलाइटऐवजी माझ्या बाहीला लागलं. "मी एकदा जरी पाहिलं असतं ना," त्या पुढे येईल त्याला सांगत, "तरी तिथल्या तिथे विचारलं असतं."

हायवेवर नाना टाकीवर पालथे पडले होते. हँडल इतकं खाली होतं की दुसरा इलाज नव्हता. मागून पाहणाऱ्याला वाटावं, एक म्हातारा गाडीच्या कानात काही गुपित सांगतो आहे. पारोळ्याला प्लग काळा झाला, तो बदलला. चहावाल्यानं विचारलं, "नाना, शर्यत कोठे शे?" नानांनी हेल्मेटमधून उत्तर दिलं, ते कोणाला कळलं नाही. पण ते खूश होते. पारोळा सोडल्यावर त्यांनी एका ट्रकला मागे टाकलं आणि मला खात्री आहे, मनातल्या मनात त्याला विशालकोन म्हटलं.

एरंडोलला अक्का ओट्यावर बसल्या होत्या. नवं पातळ, शेजारी भरलेली पिशवी, वर सांजोऱ्यांचा डबा. किती वेळापासून बसल्या होत्या कोण जाणे; त्यांच्या सुनेच्या चेहऱ्यावरून बराच. नाना गाडीवरून उतरले, पण सरळ झाले नाहीत. त्यांची कंबर हायवेवर ज्या कोनात धरली होती त्याच कोनात राहिली होती. तसेच वाकून ते अक्कांपुढे उभे राहिले. पाया पडतो आहे असं समजून अक्कांनी डोक्यावर हात ठेवला.

"सुखी ऱ्हाय," त्या म्हणाल्या. मग उठल्या, पिशवी उचलली आणि गाडीजवळ आल्या. बाजारात बैल पाहतात तशी त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. शेपटाजवळ थांबल्या. जाळीतून आत वाकून पाहिलं.

"हाई काय शे रे?"

"गाडी शे अक्का. तीच. आपलीच," नाना म्हणाले. त्यांच्या तोंडून अहिराणी मी पहिल्यांदाच ऐकत होतो. शाळेतलं पुस्तकी मराठी एरंडोलच्या वेशीवरच गळून पडलं होतं.

"मागली सीट?"

"काढी टाकी."

"कसाले?"

"वजन कमी व्हावाले."

"मंग मी कोठे बसू? तुना डोकावर?"

मी गाडीकडे पाहिलं. खरोखरच तिच्यावर दुसऱ्या माणसाला जागा नव्हती. जिच्यासाठी ही गाडी उभी केली, ती बाई बसेल अशी प्रत्येक वस्तू आम्ही काट्यावर तोलून भंगारात टाकली होती, आणि तोलताना हात मिळवले होते. नाना वाकलेलेच होते, त्यामुळे त्यांचा चेहरा दिसत नव्हता. फक्त कान लाल झालेले दिसत होते.

मी घाईघाईनं माझी स्कूटर पुढे केली. अक्कांनी स्कूटरकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही कोन शेतस?"

"भाडेकरू."

"मंग भाडं देत जा," अक्का म्हणाल्या आणि मला त्या प्रसंगातून वगळलं.

नानांनी शेपटाला धरून कंबर थोडी वर आणली. त्यांच्याकडे त्या क्षणी पक्ष नव्हता, साध्य नव्हतं, काहीच नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "अक्का, मी चुकनू."

"कव्हय? आते, का तव्हय?"

आता की तेव्हा, यावर नानांनी पदवीधर माणसासारखा विचार केला. मग तो सोडून दिला. "दोन्ही वखत."

अक्का पदराच्या टोकानं त्यांच्या कपाळावरचं काळं तेल पुसू लागल्या, जरा जोरातच. "तू उना ना? मंग झायं. गाडी कोन्ही मांगी व्हती?"

भाऊ आला एवढं पुरे, असं बोलून त्यांनी सुनेला हाक मारली, गाडी गोठ्यात म्हशीच्या बाजूला लावायला सांगितली, पिशवी नानांच्या हातात दिली, डबा स्वतःकडे ठेवला आणि चालू लागल्या. नाना वाकून मागे. स्टँडवर धुळ्याची बस लागलेली होती. दोघांना खिडकीजवळ जागा मिळाली. मी खाली उभा होतो. अक्का आतून नानांना काही तरी ऐकवत होत्या. जीवनगौरव हा शब्द मला दोनदा ऐकू आला. नाना मान खाली घालून सांजोरी खात होते.

कंडक्टर आला. अक्कांनी ब्लाऊजमधला बटवा काढून आधार कार्ड त्याच्या नाकासमोर धरलं. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटीत प्रवास फुकट असतो. नाना पासष्टीच्या पुढचे, त्यांना निम्मं पडतं. धुळ्यापर्यंत बहीण-भावाचं मिळून अर्धं तिकीट झालं.